हाली नोट आणि उभी घडी

वडिलांच्या जुन्या नोटा लोखंडी कपाटाच्या मधल्या कप्प्यात असत. खालच्या कप्प्यात नाही, कारण पावसाळ्यात फरशीची ओल वर येते. वरच्यात नाही, कारण उन्हाळ्यात पत्रे तापतात. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नव्हतं. मागे हात जाईल एवढी जागा होती. हे सगळं त्यांनीच ठरवलेलं. ते एसटीत कंडक्टर होते. भाड्यात एखादी वेगळी नोट आली की पिशवीत तेवढेच स्वतःचे पैसे टाकायचे आणि ती नोट मानवतच्या घरी आणायचे.

अल्बमची पाकिटं कडक, पारदर्शक होती. मऊ प्लास्टिक उष्णतेनं नोटेला चिकटतं, म्हणून ते चालत नसे. डांबराच्या गोळ्यांनाही मनाई होती. ओल शोषणारे निळे खडे मलमलच्या पुरचुंडीत असत. ते गुलाबी पडले की आई एका जुन्या कढईत मंद आचेवर भाजून पुन्हा निळे करी.

"नोटा तुमच्या अन् भाजणी माझी," असं ती म्हणायची.

नोट कडेला धरायची. जुनी घडी दाबून सरळ करायची नाही, नवी पडू द्यायची नाही. ड्युटीवर हाच माणूस दिवसभर नोटांना उभी घडी घालून बोटांच्या बेचक्यांत खोचत असे. घरी मात्र त्या हातांनी कधी अल्बममधली नोट दुमडली नाही.

गेल्या वर्षापासून त्यांना विस्मरण सुरू झालं. आधी रस्ते गेले, मग माणसं. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे वाढत जाईल. ते वाढत गेलं.

एका दुपारी मी वर्तमानपत्राच्या कचेरीतून लवकर घरी आलो. वडील खाटेवर बसले होते. मांडीवर अल्बम उघडा होता आणि डाव्या हाताच्या बोटांत उभ्या घडीच्या नोटा होत्या. मी त्या एकेक काढून पाकिटांत ठेवल्या. घड्या राहिल्या.

मी कपाटाला कुलूप लावलं. ते कपाटाची मूठ ओढत राहिले. मग बँकेतून दहाच्या कोऱ्या नोटा आणून अल्बममध्ये भरल्या आणि जुन्या माझ्या खोलीतल्या ट्रंकेत हलवल्या. कुलूप काढलं. त्यांनी दहाच्या नोटांना घड्या घातल्या. फक्त शेवटच्या पाकिटाशी ते थांबले.

"ती कुठंय?"

"कोणती?"

"म्हातारीची."

ती हाली शिक्क्याची, निजामाच्या राज्यातली एक रुपयाची नोट होती. येलदरीच्या गाडीत एका म्हातारीनं ती भाड्यात दिली होती. तेव्हा ती चालत नव्हती. त्यांनी तरीही घेतली होती.

"दे की त्यांची नोट," आई म्हणाली.

"दुमडतील."

"दुमडू दे. कुणासाठी ठिवायलास? इकणार हायेस का?"

"नाही."

"मग तुझी नातवंडं बघणार, व्हय? लगीन तर कर आधी."

मी म्हणालो की अशी नोट पुन्हा मिळत नाही. आईनं माझ्या खोलीकडे बोट दाखवलं. मी ट्रंक उघडून नोट आणली.

वडिलांनी ती कडेला धरली आणि खिडकीच्या उजेडात तिरपी केली. त्यांना नियम आठवला असावा, असं मला वाटलं. मग त्यांनी ती उभी दुमडली, घडीवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि बोटांत खोचली. मी हाताच्या अंतरावर बसलो होतो. त्यांचा हात धरला नाही.

आई खाटेच्या कडेला येऊन बसली. तिनं दहाची नोट पुढे केली. "कंडक्टर, देवगाव फाटा एक."

त्यांनी ती घेतली, दुमडली आणि हालीच्या शेजारी खोचली.

"सुट्टे उतरताना घ्या."

"उतरून कुठं जाऊ आता?"

"मागं सरका. मधी जागा हाय."

आई सरकली.

संध्याकाळी ते झोपल्यावर मी त्यांच्या बोटांतून नोट काढली आणि शेवटच्या पाकिटात ठेवली. घडी दाबली नाही. तेव्हापासून हाली नोट मधल्या कप्प्यातच आहे, दहाच्या नोटांसोबत. घडीवर कागद मऊ पडला आहे. कधीतरी तिथूनच फाटेल. बाकीच्या नोटा ट्रंकेत आहेत. तिथे वेगळी पुरचुंडी आहे. तिच्यातले खडे मी भाजतो. अल्बमजवळचे खडे आई भाजते, आणि दुपारी फाट्याचं तिकीट काढते.