सगळ्यांत मऊ दगड

जमिनीतून निघालेली घरातली एक वस्तू आणा, असं मी सहावीच्या मुलांना सांगितलं होतं. टेबलावर मीठ, रांगोळी, पाटीवरची पेन्सिल असं काय काय जमलं. सारिकानं बाळाच्या पावडरचा अर्धा उरलेला डबा ठेवला. तिचा तान्हा भाऊ महिन्यापूर्वी तापानं गेला होता.

"हे शंखजिरं," मी कसंबसं म्हटलं. "सगळ्यांत मऊ दगड."

आपण जमिनीतून केवढं उपसून घरात आणतो, आणि गेलेलं तान्हं बाळ मात्र तिच्याच स्वाधीन करून येतो.

घंटा झाल्यावर सारिकानं डबा उघडून हुंगला आणि झाकण घट्ट लावलं.

"बाई, दगड आहे, म्हणजे वास जाणार नाही ना?"

"नाही गं जाणार," मी म्हणाले.

वास दगडाचा नसतो, एवढं शिकवायचं मी राहू दिलं.