तीन कुलपांची सायकल

पहिली सायकल सांगलीत वाचनालयाबाहेरून चोरीला गेली. मागच्या चाकाचं कुलूप मी लावलं होतं, हे घरी सांगून सांगून दमले. घर मामांचं. ते सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आणि मी त्यांच्याकडे राहून कॉलेज करत होते. त्यांनी स्वतःच्या सायकलची किल्ली घेतली आणि मामीच्या सायकलचं तसलंच कुलूप माझ्यासमोर उघडून दाखवलं.

"ह्याला कुलूप म्हनत न्हाईत. आता दुसरी घेतोय. ही गेली तर तिसरी न्हाई. माझ्या स्कूटरमागं बसून कॉलेजला जायचं."

स्कूटरमागे बसायचं म्हणजे मामा फाटकात थांबून शिपायाला खणखणीत आवाजात विचारणार, "आमची पोरगी तासाला बसती का?" साताऱ्याच्या इंग्रजी शाळेत मी कुणाच्या नजरेत न येता दहा वर्षं काढली होती. इथे ते फक्त सायकलमुळे साधत होतं.

नवीन सायकलला मामांनी आणखी दोन कुलपं दिली. पुढच्या चाकाला नंबरचं, आणि म्हशीच्या साखळीने सायकल खांबाला बांधायला एक पितळी. नंबर कुणाला सांगायचा नाही, असं मला बजावलं आणि स्वतः मामीला, शेजारच्यांना आणि दूधवाल्याला सांगून ठेवला. "ही इसरली तर असू दे." तास संपला की मुली भुर्रकन निघायच्या. मी उकिडवी बसून धूळ खाल्लेले आकडे फिरवायची आणि ओढणीला साखळीचा गंज लावून घ्यायची.

एका दुपारी तिन्ही कुलपं काढली, तरी सायकल हलेना. माझ्या सायकलच्या दांड्याखालून कुणाचीतरी साखळी गेली होती, थेट शेजारच्या सायकलमध्ये. मला घरी यायला उशीर झाला की सायकल गेली असं धरून मामा शोधायला निघत. मी उन्हात थांबले. बऱ्याच वेळाने माझ्याच वर्गातली, आष्ट्याहून येऊन हॉस्टेलवर राहणारी मुलगी तिच्या बॅचचं प्रॅक्टिकल आटपून आली.

"तुझी हाय व्हय ही? आगं, सायकल हाय का बँक? म्हटलं हिला कोन हात लावतंय, म्हनून माझीबी बांधली."

"विचारायचं तरी."

"तू बोलतीस कवा, इचारायला?"

तेवढ्यात स्कूटरचा आवाज आला. मामांनी दोन्ही सायकली निरखल्या, साखळी ओढून पाहिली आणि खूश झाले. "शाबास. जोडीनं बांधलं की उचलता येत न्हाई. रोज अशीच लावा."

"हिचं प्रॅक्टिकल संपेपर्यंत मी काय करू?"

"थांबायचं."

"नाही," मी म्हणाले. मामांना हा शब्द मी आधी कधी म्हटला नव्हता. "मी कुणासाठी थांबणार नाही. ही गेली तर मी चालत येईन. स्कूटरवर बसणार नाही."

मुलीने मान खाली घालून आपली साखळी काढली.

"लय लांब पडतंय," मामा म्हणाले.

"पडू दे."

त्यांनी स्कूटरला किक मारली. मी मागोमाग निघाले, तर ते प्रत्येक वळणावर वेग कमी करून मागे बघत. मारुती चौकाच्या अलीकडे मी रसाच्या गाड्यापाशी पाय टेकून थांबले, ते गर्दीत दिसेनासे होईपर्यंत.