ताकागी-सानचा कोग्योकेन

ऐका, हसा, पण टोकियोजवळच्या आमच्या ग्योतोकुत कुणाला सांगू नका. म्हणजे तिथे सगळ्यांना माहीतच आहे, पण मी आपल्या तोंडाने कबूल केलं असं नको व्हायला!

मी तिथल्या एका छोट्या इस्टेट एजंटच्या ऑफिसात पार्ट-टाइम काम करते. आपल्या लोकांना भाड्याने फ्लॅट मिळवून द्यायचे, एवढंच. जपानीची परीक्षा पास झालेय हो मी! सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय.

एकदा बॉस बाहेर गेलेले असताना एक आजोबा आले. ताकागी-सान. ऐंशीच्या पुढचे. चिबा प्रांतातल्या पार आतल्या गावाहून दोन तास प्रवास करून आलेले. बायको गेल्या वर्षी वारली, आता लेकीकडे सेंदाईला राहायला जाणार, म्हणून घर विकायचं होतं.

"आणि माझ्याकडे कोग्योकेनही आहे," ते म्हणाले. "तोही कुणा भल्या माणसाला द्यायचाय."

कोग्योकेन! हा शब्द मला तोंडपाठ होता. नाटकाचे, गाण्याचे प्रयोग लावायचा हक्क. आमच्या मराठी मंडळाच्या नाटकासाठी मी दोन महिने हॉलवाल्यांना फोन करत होते आणि सगळीकडून नकार ऐकत होते. तेव्हा हाच शब्द कानावर पडायचा. त्याला दुसराही अर्थ असेल, असं मनात यायला हवं होतं की नाही? नाही आलं!

"किती वर्षं चालू आहे?" मी विचारलं.

"माझ्या आजोबांपासून. आता पूर्वीसारखा जोर नाही. आमचा सगळा भागच जुना झालाय. पण रोज येतं. थोडं येतं, पण न चुकता."

रोज! आमच्याकडे वर्षातून एकदा प्रेक्षक जमवताना नाकी नऊ येतात!

"खारं पाणी मात्र फार येतं," ते काळजीने म्हणाले. "त्याची सोय बघावी लागते."

खारं पाणी? अश्रू हो! म्हटलं, कौटुंबिक नाटकं होत असणार.

"काळजी करू नका," मी म्हटलं. "आमचे लोक रुमाल घेऊन येतील."

ताकागी-सान माझ्याकडे जरा बघतच राहिले. मग नम्रपणे मान डोलावली.

ते गेल्या गेल्या मी पेंडसेकाकांना फोन लावला. काका आमच्या नाटकाचे दिग्दर्शक. मुलाकडे राहतात, पण सगळ्या मंडळाला धाकात ठेवतात.

"काका, नाट्यगृह मिळालं! कायमचं!"

"अगं, काय सांगतेस? रविवारी सगळ्यांना घेऊनच जाऊ. तिथेच तालीम करू!"

झालं! रविवारी दोन गाड्या, नऊ माणसं, पेटी आणि मालकांचा सत्कार करायला काकांनी घेतलेली शाल, अशी आमची वरात निघाली.

ताकागी-सान इस्त्रीचा शर्ट घालून फाटकात उभे होते. आम्हाला घेऊन थेट घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेले. आत एक गंजकी टाकी, चार पाइप आणि गुळगुळ आवाज करणारं पाणी.

काका माझ्या कानाशी लागले. "अगं, स्टेज कुठाय?"

मी धीर करून विचारलं, "ताकागी-सान, कोग्योकेन?"

त्यांनी एक कॉक फिरवला, काडी ओढली आणि भप्पकन निळी ज्योत पेटली. "हा बघा!" ते अभिमानाने म्हणाले.

गॅस! जमिनीतून खाऱ्या पाण्याबरोबर वर येणारा गॅस! खनिज काढायच्या हक्कालाही कोग्योकेनच म्हणतात. उच्चार तोच, लिहायचं वेगळं. आणि मी नऊ माणसांना पेटीसकट तिथे आणलं होतं!

मी कमरेत वाकून माफी मागितली आणि सगळं खरं सांगितलं. सोपं नव्हतं हो. बिचारे पहाटेपासून शेड झाडत होते. ते तिथल्याच ओट्यावर बसले आणि इतके हसले, इतके हसले, की मला त्यांची पाठ चोळावी लागली.

मग हळूच म्हणाले, "बायको गेल्यापासून या घरात एवढी माणसं आली नव्हती."

त्यांनी त्याच ज्योतीवर आमच्यासाठी चहा केला. काकांनी शाल त्यांनाच पांघरली. मग आम्ही अंगणात पहिला अंक करून दाखवला. ताकागी-सानना एक अक्षर कळलं नाही, पण सगळ्या जागांवर बरोब्बर हसले. आमच्या मंडळींना अजून ते जमत नाही!

पुढे माझ्या बॉसनी चौकशी केली. त्याच भागात विहिरी असलेली एक गॅस कंपनी तो हक्क घ्यायला तयार झाली. प्रायश्चित्त म्हणून कागदपत्रांच्या वेळी मी ताकागी-सानसोबत गेले. कंपनीचे साहेब अगदी गंभीर. फाइलचं एकेक पान वाचत होते. शेवटच्या पानावर थांबले. त्या रविवारच्या आधी मी नाटकाला लागणाऱ्या सोयींची यादी ताकागी-सानना पोस्टाने पाठवली होती. परक्या देशातल्या मुलीने एवढं जपानीत लिहिलं, या कौतुकाने त्यांनी ती जपून फाइलला लावली होती!

साहेबांनी चष्मा वर केला. "बाकी सगळं ठीक आहे. पण कपडे बदलायला पडद्याच्या दोन खोल्या हव्यात, असं लिहिलंय. गॅसच्या विहिरीजवळ त्या कशाला?"

"एक पुरेल," मी म्हटलं. "मला तोंड लपवायला."