धुरकऱ्याचा घोट

भातकुलीकडच्या खुशालरावांना आयुष्यात एकच वेड होतं, बैलांच्या शर्यतीचं, शंकरपटाचं. काळी कसदार जमीन, घरात खायला भरपूर, पण बोलणं निघायचं ते बैलांचंच. हलक्या छकड्याला जोडी जुंपून भरधाव सोडायची, यासाठी ते थंडीभर गावोगाव हिंडत. धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा, वजनाला हलका लागतो. म्हणून थोरला मुलगा चंद्रभान तेराव्या वर्षीच धुरेवर बसला.

पटाआधी बैलांना मोहाची दारू पाजायची, ही तिथली रीतच. पाजून झाली की तळाशी उरलेला घोट धुरकऱ्याचा. खुशालरावांनी तो पोराला स्वतःच्या हातानं दिला. "घे लेका, भेव निंगून जाते."

घरी आल्यावर मनकर्णाबाईंना मुलाच्या तोंडाचा वास आला. "बैलाले पाजता त पाजा, पोराले कावून?" त्या नवऱ्यावर कडाडल्या. पण त्यांचं ऐकतो कोण! जोडी पहिली आली होती.

पोरगं खरंच अचाट. मनात आलं की हातून झालंच. कोणी विहिरीत उडी मार म्हटलं, की हा काठावरून नाहीसा. खरं तर त्या वयात बहुतेक पोरं अशीच असतात आणि चार-सहा वर्षांत आपसूक शहाणी होतात. खुशालरावांना मात्र वाटलं, हे आपल्या रक्ताचं तेज. मग काय, पटागणिक घोट वाढत गेला. पंधराव्या वर्षी पट नसतानाही चंद्रभान कलालाच्या दारूच्या दुकानात दिसू लागला. "वय हाय ते, सुटन," म्हणून बाप हसला. ही गोष्ट सांगताना त्या हसण्याची आजही चीड येते.

सतराव्या वर्षी तिवशाचा पट जिंकून परतताना मागून मोटारीनं भोंगा वाजवला. चंद्रभान प्यालेला होता. छकड्यात बसलेला मावसभाऊ उद्धव "थांब, थांब" ओरडत राहिला आणि यानं जोडी मोटारीपुढे दामटली. पुलाच्या कठड्यावर छकडा फुटला. एक बैल जागीच मेला, उद्धव जन्माचा लंगडा झाला. चंद्रभान ढसाढसा रडला. आईच्या पायावर हात ठेवून त्यानं शपथ घेतली, आणि ती अगदी मनापासून घेतली. चौथ्या दिवशी तो दुकानातच सापडला.

एकोणिसाव्या वर्षी सकाळी उठल्याबरोबर त्याचे हात थरथरू लागले, तेव्हा कुठे खुशालरावांनी त्याला अमरावतीला डॉक्टर केशवरावांकडे नेलं.

डॉक्टरांनी पोराचे डोळे पाहिले, पोट दाबून पाहिलं. मग म्हणाले, "पाटील, मागचापुढचा विचार करणारं डोकं माणसाला उशिरा येतं. विशी उलटली तरी ते पिकतच असतं. हे तर कच्चं असतानाच दारूत भिजलं."

"मंग आता पिकन का, डाक्टरसाहेब?"

डॉक्टर मोरीकडे वळले. हात धुता धुता त्यांनी विचारलं, "याला पहिल्यांदा पाजली कोणी?"

"गावातल्या पोरायनं," खुशालराव म्हणाले.

डॉक्टरांनी चंद्रभानकडे पाहिलं. उभ्या आयुष्यात ज्यानं जिभेवर आलेला शब्द कधी अडवला नव्हता, तो पोरगा क्षणभर बापाकडे बघत राहिला. "हो जी," तो म्हणाला, "पोरायनंच."

दोघं बाहेर आले. भर दुपारचं ऊन होतं. खुशालरावांना त्याच्याकडे मान वर करून पाहवेना. चंद्रभाननं दोन्ही हात काखेत दाबून धरले होते, तरी ते हलतच होते.

"बाबा," तो खाली बघत म्हणाला, "त्या गल्लीत दुकान हाय. चला न. आता राहवून नाही राहिलं."

नाही म्हणायला खुशालरावांना तोंडच उरलं नव्हतं. ते पोराच्या बरोबर गल्लीत वळले.