बागाईतदाराची जीभ

आमचा साडू पहिला घास कधी गिळत नसे. ताट पुढं आलं, की भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून तो जिभेवर ठेवायचा, डोळे बारीक करायचा, आणि मग तो घास डाव्या तळव्यावर काढून निकाल द्यायचा. घर कुणाचंही असो, वाढणारी बाई समोर उभी असो. निकाल बहुतेक वेळा एकच असे. "घाई केलीय." डाळ उतरवायची घाई, लोणचं बरणीतून काढायची घाई, आंबा झाडावरून तोडायची घाई. माझ्या लग्नात बुंदीचा लाडू असाच तळव्यावर काढून तो आमच्या सासऱ्यांना म्हणाला होता, "घाई केलीय." त्या क्षणापासून मला हा माणूस आवडला नाही.

परंड्याजवळच्या खेड्यात त्याची द्राक्षबाग होती. गाव त्याला आबा म्हणे. मी त्याला बागाईतदार म्हणत असे, कारण त्या शब्दात जरा कुत्सितपणा भरता येतो. तो थोरला जावई, म्हणून तोंडावर अहोजाहो करावं लागे. मनात मात्र मी त्याला कायम अरेतुरेच केलं, आणि इथंही तसंच लिहिणार आहे. तो गेला म्हणून आता तो मला आवडायला लागला आहे, असं काही नाही. पण त्याच्याबद्दल पाहुण्यांत आणि गावात एक गोष्ट सांगितली जाते. म्हातारपणी जीभ मेली होती, तरी चव कळते असं भासवून तो अख्ख्या गावाला फसवायला निघाला होता, अशी ती गोष्ट. ती खोटी आहे. खरं काय ते मला माहीत होतं आणि मी ते बोललो नाही.

धोंड्याच्या महिन्यात सासरी आम्हा दोघांना एकदमच बोलावणं असे. पंगतीत पहिला पाट त्याचा, दुसरा माझा. त्यानं निकाल दिल्याशिवाय मला घास उचलता येत नसे. मी एसटीत नोकरीला, स्टँडवर कंट्रोलर. माझ्याकडे शेत नाही, बाग नाही, म्हणून मी एकदा बाजारातून निवडून पायरी आंबे नेले. त्यानं फोड चाखली, तळव्यावर काढली आणि सगळ्यांदेखत विचारलं, "पाव्हणं, ह्यो आंबा एसटीच्या टपावर पिकला का काय?" सासूबाईंसकट सगळे हसले. माझी बायकोही हसली. ते हसू मी चाळीसेक वर्षं सांभाळून ठेवलं.

त्याची जीभ खरी होती, हेही लिहायला हवं. मणी तोंडात टाकायचा, बी दाताखाली चावून बघायचा आणि तोडणी कधी लावायची ते सांगायचा. शेजारचे बागवाले साखर मोजायचं यंत्र बाळगून असत, पण यंत्र बघून झाल्यावर पुन्हा त्याच्याकडेच येत. मध्यंतरी नाशिककडच्या एका कंपनीनं त्या भागात वाइनची द्राक्षं लावायला सांगितली. बारीक मण्याची, जाड सालीची, बीवाली द्राक्षं. यानं ती पाच-सहा वर्षं पिकवली. मग कंपनीनं माल घेणं बंद केलं आणि त्यानं वेल काढून टाकले. त्याबद्दल तो कधी रडगाणं गायला नाही. एवढंच म्हणायचा, "पोरगी वाढवली आन् दिली. सासरी कशी नांदती, ते काय आमाला बघाया मिळालं न्हाय." वाइन त्यानं कधी चाखलीच नव्हती. दारू म्हणून नव्हे, कुणी बोलावलंच नाही म्हणून.

कोरोना येऊन गेल्यावरच्या वर्षी त्याचा मला फोन आला. स्वतःहून आलेला तो पहिलाच. दुसऱ्या एका कंपनीचा माणूस गावात येऊन पुन्हा तेच वेल लावा म्हणत होता. बागवाले म्हणाले, आबा नाशिकला जाऊन चार ठिकाणची वाइन चाखून येतील, आबा सांगतील तसं करू. "रस्ता तुमी आखा," बागाईतदार म्हणाला, "तुमचा जल्म गाड्या लावण्यात गेलाय." मी आखायला बसलो आणि भांडण सुरू झालं. मी म्हणालो, सकाळी निघायचं, करमाळ्यावरून नगर, पुढं सिन्नर, दिवस मावळायच्या आत नाशिक. तो म्हणाला, तसं नाही. करमाळ्याच्या अलीकडं एका ढाब्यावर ताक चांगलं असतं, तिथं थांबायचं. नगरच्या पुढं शेवभाजी खायची, तीही लाल रश्श्याची. संगमनेरला त्याची चुलत बहीण होती, तिच्याकडं लिंबाचं जुनं लोणचं होतं, तिथं मुक्काम. मग दुसऱ्या दिवशी वायनऱ्या.

"अहो, हे वाइन चाखायला चाललोय की लोणचं?" मी म्हणालो.

"चाखायला चाललोय ना? मग गप थांबं लिवा."

"असं थांबत गेलं तर गाडी पोचायची कधी?"

"पाव्हणं, तुमच्या गाड्या कवा टायमावर पोचल्या, ते सांगा आधी."

मी फोन आपटला. पण दुसऱ्या दिवशी तो धाराशिवला माझ्या घरी येऊन बसला. मी कागदावर थांबे उतरवत होतो, तेव्हा तो एक वाक्य बोलला. "हे बगा, तितं चाखायचं तुमी. कसं हाय ते बोलायचं बी तुमी. मी बसून ऐकणार." मला वाटलं, हा टपावरच्या आंब्याचाच पुढचा अंक आहे. चार परक्या माणसांत माझ्या तोंडाला पेला लावायचा आणि माझी फजिती बघायची. मी म्हणालो, "हो, तुमच्यापुढं आम्ही काय बोलणार!" त्यानं माझ्याकडं जरा वेळ बघितलं. काही सांगावं की नको असं त्याच्या तोंडावर होतं. मग टोपी घातली आणि गेला.

निघायच्या आदल्या दिवशी मी त्याच्या गावी पोचलो. लांबच्या प्रवासाआधी त्यांच्या घरी देवीला नैवेद्य असतो. नैवेद्याचा स्वयंपाक दाखवायच्या आधी कुणी चाखत नाही. अक्का, म्हणजे त्याची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, या बाबतीत फार कडक. पुरण, वरणभात, दोडक्याची भाजी. ओसरीवर पंगत बसली. पहिला पाट त्याचा, दुसरा माझा, पुढं गावातले पाच बागवाले. आबांना निरोप द्यायला आलेले.

दोडका कडू निघाला होता. नुसता कडवट नव्हे, घास तोंडात धरवेना इतका. मी पलीकडं बघितलं तर पाचही जण भाजी पानाच्या कडेला सारून वरणभात कालवत होते. नैवेद्याच्या अन्नाला नाव कोण ठेवणार? आणि बागाईतदारानं नेहमीसारखा पहिला घास जिभेवर ठेवला, डोळे बारीक केले, घास तळव्यावर काढला आणि म्हणाला, "मीठ बेतात हाय. ब्येस झालीय." मग तो ती भाजी खाऊ लागला. सावकाश, आवडीनं.

मला एका क्षणात सगळं कळलं. त्याला कोरोना होऊन गेला होता; त्यात गेलेली चव परत आली नव्हती.

मी तिथं गप्प बसू शकलो असतो. मी वाढणाऱ्या सुनेला हाक मारली. "अगं, बागाईतदारांना भाजी वाढ. आवडलेली दिसते." तिनं वाढली. त्यानं खाल्ली. मी पुन्हा म्हणालो, "लाजू नका हो, घ्या अजून." पुन्हा वाढली. बागवाल्यांचे हात थांबले. एकमेकांकडं बघू लागले. अक्का दारात आल्या. तिसऱ्यांदा वाढल्यावर मी मोठ्यानं म्हणालो, "बागाईतदार, जहरासारखी कडू भाजी तीनदा खाल्लीत. जीभ कुठं विसरून आलात?"

त्यानं हातातला घास ताटात ठेवला. अक्कांनी पुढं येऊन त्याच्या पानातली भाजी बोटानं चाखली आणि पदर तोंडाला लावला. पाचांतला एक, हणमंत नावाचा, तोंडाळ माणूस, म्हणाला, "म्हंजी आबा, चव न्हाय अन् तुमी आमच्या वतीनं चाखाया चालला हुता? आमी तुमच्या बोलण्यावर बागा मोडायच्या?" बागाईतदारानं माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. मी काहीतरी बोलावं म्हणून त्यानं बघितलं, आणि काय बोलावं तेही मला माहीत होतं. चाखायचं मी, बोलायचं मी, तो ऐकणार. धाराशिवला माझ्या ओसरीत तो हेच सांगून गेला होता. त्या नजरेसरशी ते वाक्य मला नीट ऐकू आलं. मी वरणभात कालवत राहिलो.

सहल मोडली. त्या कडू भाजीनं त्याला रात्रभर उलट्या होत राहिल्या आणि सकाळी मी पहिल्या गाडीनं परत आलो. पुढं कुणी विचारलं की मी म्हणत असे, बरं झालं वेळेवर कळलं, नाहीतर गावाचं नुकसान झालं असतं. हे वाक्य मला फार उपयोगी पडलं. बागाईतदाराकडं मात्र तोडणीचं विचारायला पुन्हा कुणी आलं नाही. दुसऱ्या थंडीत तो गेला. मी मातीला गेलो होतो. अक्का माझ्याशी बोलल्या नाहीत.

यंदा द्राक्षं संपता संपता त्यांचाच फोन आला. "राजा गाडी काढतोय. नाशकाला जायचंय. त्यांनी लिवून घेतलेलं थांबं तुमच्याकडंच असतील. तेवढं घिऊन या." राजा म्हणजे त्यांचा मुलगा. मी मागं बसलो, अक्का पुढं. माझ्याशी बोलायचं असलं की त्या काचेकडं बघून बोलत.

ढाब्यावर त्यांनी ताक मागवलं. एक घोट घेऊन म्हणाल्या, "आंबट. ह्ये लागतंय का बघायचं हुतं त्यांना." नगरच्या पुढं लाल रश्श्याची शेवभाजी आली, तेव्हा म्हणाल्या, "ह्ये तिखट." संगमनेरला चुलत नणंदेनं लोणच्याची फोड पुढं केली. अक्का म्हणाल्या, "ह्ये खारट. डाक्टर म्हणले हुते, येईल हळूहळू. वाटंत एकबी लागलं तर तितं जाऊन आपुन चाखू म्हणायचे. न्हाईतर पाव्हणं हायेतच." मग म्हणाल्या, "घरी म्या आधी चाखून त्यांना सांगत हुते. काय कमी, काय जास्त. वरीसभर कुणाला कळलं न्हाय. नैवेद्याच्या दिवशी मला चाखता आलं न्हाय."

"पण अक्का, मलाच का न्यायचं होतं? त्यांना दुसरे पुष्कळ होते," मी विचारलं.

"म्या बी इच्यारलं हुतं. म्हणले, गावातली सगळी मला बरं वाटावं म्हणून बोलतील. ह्यो एकटाच हाय, ज्याला मला बरं वाटलेलं खपत न्हाय."

वायनरीत एका मुलीनं आमच्यापुढं पेले मांडले. तळाशी घोटभर पांढरी, घोटभर लाल. जिभेवर फिरवा, नको असेल तर या भांड्यात थुंका, असं तिनं सांगितलं. राजा गाडी चालवायची म्हणून नको म्हणाला. मी लाल वाइन तोंडात घेतली. काही आंबट, काही तुरट, आणि पुढं काय ते मला सांगता येईना. "कशी वाटली, काका?" मुलीनं विचारलं.

"बोला की," अक्का काचेबाहेर बघत म्हणाल्या. "तुमीच बोलायचं हुतं."

मी म्हणालो, "मला काही कळलं नाही."

अक्कांनी माझ्या हातातून पेला घेतला. आयुष्यात पहिल्यांदा. घोट जिभेवर ठेवला, डोळे बारीक केले आणि समोर भांडं असताना डाव्या तळव्यावर काढला. "घाई केलीय," त्या म्हणाल्या. मुलगी हसली. म्हणाली, "आजी, खरंच या मालाची तोडणी जरा लवकर झाली होती." अक्का हसल्या नाहीत. हात धुवायला गेल्या आणि बराच वेळ परत आल्या नाहीत.

परतताना त्या एवढंच म्हणाल्या, "त्याच वसरीवर बसा. त्याच माणसांपुढं सांगा."

पाचांतले तिघे आले. दोघे आता नाहीत. हणमंत आला होता, काठी टेकत. मी सगळं सांगितलं. चाखणार मी होतो, बोलणार मी होतो, आबा नुसते बसून ऐकणार होते, आणि तुम्ही त्यांना फसवे म्हणालात तेव्हा मला हे माहीत होतं. कुणी मला बरं म्हटलं नाही की वाईट म्हटलं नाही. हणमंत काठीनं फरशी टोकरत बसला. मग त्यानं विचारलं, "आन् मग वाइन कशी हुती?"

"घाई केलीय," मी म्हणालो.

हणमंत आधी मान खाली घालून हसला, मग तिघंही हसले, आणि हसता हसता तो डोळे पुसत म्हणाला, "आबा बोलले."

आतून जेवायची ताटं आली. बाकी तिघांना अक्कांनी स्वतः वाढलं. माझं ताट सुनेच्या हाती पाठवलं.