कुलूप तोडणारा माणूस

"भाऊजी, मिलिंद गेले. साडेनऊला," सुजातावहिनी फोनवर एवढंच म्हणाल्या. मी जर्मनीत, कोलोनच्या न्यूजरूममध्ये होतो. समोरच्या कागदावर वेळ लिहून घेतली. सवयीनं. पुढं काही लिहिण्यासारखं नव्हतं...

मिलिंद आणि मी पुण्याला कॉलेजात एका खोलीत राहिलो. पुढे तो जर्मनीतच, गेर्लिंगेन गावच्या एका कंपनीत इंजिनिअर झाला. पन्नाशीत अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. त्याच्याकडे सांगण्यासारखी गोष्ट एकच होती, ती वडिलांची. ते भंडाऱ्याकडच्या एका फिरत्या टॉकीजमध्ये कामाला होते. इंग्रजी सिनेमा लागला की पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट मराठीत सांगायचे. त्यांच्याकडे एक झिजलेला काउबॉयपट वर्षानुवर्षं फिरत होता. बोलपट नुकते सुरू झाले तेव्हाचा, स्वस्तात काढलेला. आवाज खरखरीत, इंग्रजी कुणालाच कळत नसे. वडील सांगायचे, गावच्या पाण्याला मालकानं कुलूप घातलंय; एक परका येतो, कुलूप तोडतो, शेवटी हौदावर वाकून पोटभर पाणी पितो. तिथंच मशीन बंद व्हायचं. तंबूत टाळ्या पडायच्या. हे वडील स्वतः लहानपणी गावच्या विहिरीपासून लांब, कुणी वरून पाणी ओतेल म्हणून घागर घेऊन उभे राहिलेले होते. मिलिंदनं ही गोष्ट मुलीला, मैत्रेयीला, लहानपणापासून सांगितली. सिनेमाचं नाव मात्र त्याला माहीत नव्हतं. पवनचक्की, पांढरा घोडा, लोखंडी फाटक, एवढ्या खुणांवर तो वर्षानुवर्षं शोधत होता.

त्याचं ऑपरेशन झालं त्या वसंतात मला कोलोनच्या फ्लोमार्क्टमध्ये, जुन्या सामानाच्या बाजारात, एक डीव्हीडी मिळाली. कव्हरवर पवनचक्की होती. पाठवण्याआधी मी ती पाहिली. सिनेमा तोच होता. पण कुलूप घालणारा त्यात नायक होता. कुलूप तोडणारा खलनायक. शेवटी नायक त्याला गोळी घालतो आणि तो हौदात तोंडावर पडतो. त्यानंतर नायकाचं लग्न.

डीव्हीडी घेऊन मी गेर्लिंगेनला गेलो. दारातच म्हणालो, "बघण्याआधी एक सांगायचंय."

"बातमीदारा, तू आधीच बघून बसलास ना?" तो हसला. "मग गप्प बस."

तेरा वर्षांची मैत्रेयी त्याला टेकून बसली, वहिनी शेजारी. वीसेक मिनिटांत त्याला कळलं. चेहऱ्यावरून मला दिसलं. त्यानं रिमोट घेतला, आवाज शून्यावर आणला आणि मराठीत सांगायला लागला. वडिलांच्याच शब्दांत असावं. खोलीत आम्ही चौघं, पण आवाज तंबूभर लोकांसाठी लावलेला. दर चार वाक्यांनी खोकला... पडद्यावर खाली जर्मन अक्षरं येतच होती. ती बंद करायचं त्याला सुचलं नाही. गोळी लागून माणूस हौदात पडला.

"आता तो पाणी पितो," मिलिंद म्हणाला.

"पापा, तो मेलाय," मैत्रेयी जर्मनमध्ये म्हणाली. ती नेहमीच जर्मनमध्ये उत्तर द्यायची. "खाली लिहिलंय."

मिलिंदनं टीव्ही बंद केला. स्वयंपाकघरात तो मला म्हणाला, "बाबांनी तंबूभर लोकांना पाणी पाजलं रे. मला एकीलाही पाजता आलं नाही."

सिनेमात गोष्ट उलटी आहे, हे मी मैत्रेयीला आधीच सांगून ठेवायला हवं होतं की नको, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

नंतर तो विषय त्यानं काढला नाही. शेवटच्या भेटीत त्याला गिळता येत नव्हतं. सलाइन चालू होतं. मैत्रेयी काडीला लावलेला ओला स्पंज त्याच्या ओठांवरून फिरवत होती. तो स्पंज दातांत धरून ठेवायचा. ती सोडवून घ्यायची, पुन्हा भिजवायची.

तो गेल्यावर पाच आठवड्यांनी मी त्या घरी गेलो. वहिनी कुठल्याशा आम्टमध्ये, सरकारी कचेरीत, कागदपत्रांसाठी गेल्या होत्या. मैत्रेयीनं दार उघडलं, मला सोफ्यावर बसवलं आणि न विचारता सिनेमा लावला. डीव्हीडी प्लेअरमध्येच होती. आवाज शून्यावर होता. खालची जर्मन अक्षरंही तिनं बंद केली होती. पवनचक्की आली, घोडा आला, फाटक आलं. माणूस कुलूप तोडून आत शिरला, धडपडत हौदापाशी आला आणि वाकला. तिनं चित्र तिथंच थांबवलं.

"काका," ती अडखळत, मराठीत म्हणाली, "आता तो पाणी पितो."