तीन ठोके

सरदार शिकलगारांच्या हाताला गुण होता, हे मी आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांना गाढव ठरवाल. दापोडीचा माणूस. भोसरीच्या एका फाउंड्रीत सव्वीस वर्षं साचे भरले. लोखंड ओतायच्या आधी काळी वाळू ठोकून घट्ट बसवावी लागते, तीन ठोके, सारख्या उंचीवरून. ढिली राहिली की माल गेला. फाउंड्री बंद पडली तेव्हा ते चाकणला आमच्या टेस्टिंग लॅबमध्ये आले. मी तिथं स्टोअर सांभाळते. विजयश्री माझं नाव, आणि तोंडानं मी पहिल्यापासून फटकळ.

दोन वर्षांपूर्वी तेजस्विनी मॅडम आल्या. मॅडम कसल्या, माझ्या भाचीएवढी पोर, रावेतहून स्कूटीवर यायची. तिनं एक पांढरी पावडर बनवली होती. कारखान्याच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड ही पावडर धरून ठेवायची, तापवली की सोडायची, मग परत धरायला मोकळी. प्रत्येक कणाला डोळ्याला न दिसणारी बारीक भोकं, सगळी करामत त्या भोकांची. प्रश्न एकच होता. शंभर वेळा तापवून भोकं शाबूत राहतात का? राहिली तर तिची कंपनी तळेगावला मोठा प्लांट उभा करणार होती. नाही राहिली तर काम बंद आणि पोरीच्या हातात नारळ.

तापवायचं काम सरदारभाईंकडे. स्टीलच्या नळीत पावडर भरायची आणि यंत्रात लावायची. दहा फेऱ्या झाल्या की नळी उघडायची, पावडरीचं वजन करायचं, परत भरायची. आणि दर वेळी भरताना सरदारभाई सळईनं तीन ठोके द्यायचे. कुणी सांगितलं नव्हतं. नको म्हणूनही कुणी सांगितलं नव्हतं. "विजूताई, बघा कशी बसली. दगड!" असं म्हणून मला नळी दाखवायचे, आणि मीही शहाण्यासारखी मान डोलवायचे. तेजस्विनी वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरपुढे. आकडे आपोआप तिच्याकडे जायचे, मग ती खाली कशाला येतेय!

चाळीसाव्या फेरीला पावडर निम्माच गॅस धरायला लागली. ऐंशीव्या फेरीला जवळजवळ काहीच नाही. तिनं दुसऱ्यांदा पावडर बनवली, मग तिसऱ्यांदा. तेच. पोरीच्या डोळ्यांखाली काळं आलं. सरदारभाईंचा जीव तुटायचा. घरून तिच्यासाठी शिरखुर्मा आणायचे. तिसऱ्या वेळी तर त्यांनी नळी फारच जपून भरली. जपून म्हणजे काय, तर ठोके आणखी नेमके.

रिपोर्ट गेला, पावडर उष्णता सोसत नाही. खाली सरदारभाईंची सही. तेजस्विनी गेली. जाताना त्यांच्या पाया पडली, म्हणाली, "चाचा, तुम्ही खूप केलंत."

पुढच्या महिन्यात भाई मुलीच्या, फरहीनच्या लग्नासाठी रजेवर होते. ते यंत्र विकायचं ठरलं होतं आणि गिऱ्हाइकाला आठवडाभर चालू दाखवायचं होतं. आमचे साहेब जयसिंगराव म्हणाले, "काहीही भर आणि लाव." डबीच्या तळाशी त्या तिसऱ्या खेपेची पावडर उरली होती. ती मी चमच्यानं नळीत टाकली. ठोकत कोण बसतंय! दहा फेऱ्यांनी उघडायची, वजन करून परत चमच्यानं सोडायची. शंभर फेऱ्या झाल्या. गॅस धरायचा आकडा जागचा हलला नाही.

मला रसायनातलं ओ की ठो कळत नाही. पण माझ्या नळीत आणि त्यांच्या नळीत फरक काय, हे कळायला रसायन लागत नाही. उष्णतेनं त्या पावडरीचं काहीच बिघडलं नव्हतं. भोकं ठोक्यांनी चिरडली जात होती.

भाई लग्नाचे पेढे घेऊन आले, आणि मला अवदसा आठवली. पेढा तोंडात असतानाच सगळं सांगून टाकलं. ते स्टुलावर बसले. म्हणाले, "म्हणजे मीच मारली?"

ते तसेच उठून साहेबांकडे गेले. साहेबांनी दार लोटून घेतलं. "शिकलगार, एक रिपोर्ट बदलला तर लोक मागचे सगळे परत मागतील. एका नळीवरून काय सिद्ध होतंय? पावडर उरलीय का?" नव्हती. यंत्र साफ करून देताना ती मीच बेसिनमध्ये धुऊन टाकली होती. हे सांगताना अजून माझा जीव जळतो.

मग भाईंनी माझ्यासमोर तेजस्विनीला स्पीकरवर फोन लावला. ती आता नाशिकला बारावीच्या क्लासमध्ये शिकवते. सगळं तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चाचा, मी एकदा जिना उतरून बघायला हवं होतं."

"परत बनवा ना मॅडम. मी येतो भरायला, हलक्या हातानं."

"कुठं बनवू? कृती कंपनीची आहे. आणि ही पावडर टिकत नाही असं मीच सगळ्यांना लिहून कळवलंय. आता तिला कोणी हात लावणार नाही." फोन ठेवताना तिनं फरहीनची चौकशी केली.

त्या यंत्राच्या जागी आता फाउंड्रीच्या वाळूचं काम आलंय. वाळूवर वजन आपटून तिची वडी करायची, नेमके तीन ठोके, आणि ती किती दाब सोसते ते मोजायचं. साहेब खूश. "शिकलगार, हे तर तुमचं घरचं काम!" भाईंनी वाळू भरली, वजन उचललं, आणि हात वरच राहिला. खाली येईना. शेवटी वजन त्यांनी हळूच टेकवलं, तान्ह्या बाळाला ठेवावं तसं. वडी बाहेर काढली तर भुगा. दहा वड्या केल्या, दहांचा भुगा. साहेब म्हणाले, वय झालं तुमचं. या महिनाअखेरीला त्यांचा शेवटचा दिवस आहे.

तोवर ठोके मी मारते. ते वाळू भरून बाजूला होतात, आणि प्रत्येक ठोक्याला डोळे मिटून घेतात.